पॅप स्मिअरचा अहवाल आणि कॉल्पोस्कोपीपर्यंतचे दिवस

प्रश्न (धंतोली, नागपूर): पॅप स्मिअरमध्ये (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) पेशींत सौम्य बदल आढळले असून कॉल्पोस्कोपीची तारीख पुढील महिन्यात आहे, तोवर मन कशातच लागत नाही. हा कर्करोगच समजावा का?

उत्तर: नाही, ताई. असे बदल बहुधा एचपीव्ही विषाणूच्या संसर्गाने होतात आणि तो संसर्ग बहुतेक स्त्रियांमध्ये २ वर्षांत आपोआप ओसरतो. कॉल्पोस्कोपीत गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून भिंगातून पाहतात आणि संशयास्पद भाग दिसल्यास त्याचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवतात. रात्री एकटीने मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा मनातले प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांना विचारावेत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न: त्याच सुमारास घरी महालक्ष्म्या आहेत, मग कॉल्पोस्कोपीची तारीख पुढे ढकलू का? आणि त्या दिवशी पाळी आली तर?

उत्तर: घरी महालक्ष्म्या असल्या तरी तारीख पुढे ढकलू नका. त्या दिवशी पाळी येणार असेल, तर रुग्णालयाला आधी कळवा.