‘मध्याश्मयुग’ की ‘मध्य पुराणाश्मयुग’?

प्रश्न : तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कम या अश्मयुगीन स्थळाबद्दल मराठीत वाचताना एकीकडे ‘मध्याश्मयुग’ दिसते, दुसरीकडे ‘मध्य पुराणाश्मयुग’. दोन्ही एकच का? आणि ‘छिलका’ म्हणजे हत्यार घडवताना उडालेली टाकाऊ कपची का?

उत्तर : एकच नाहीत, आणि इथे गफलत झाली तर ती लाखो वर्षांची होते. पुराणाश्मयुगाचे, म्हणजे सर्वांत जुन्या अश्मयुगाचे, पूर्व, मध्य, उत्तर असे टप्पे पाडतात. त्यातला मधला तो मध्य पुराणाश्मयुग. मध्याश्मयुग त्यानंतरचा, नवाश्मयुगाच्या आधीचा; भारतात ढोबळमानाने गेल्या दहा-बारा हजार वर्षांतला. अत्तिरमपक्कमची २०१८ साली प्रसिद्ध झालेली सुमारे ३,८५,००० वर्षे (६४,००० वर्षे अलीकडे-पलीकडे) ही मध्य पुराणाश्मयुगाच्या सुरुवातीची आहेत. तिथे मोठ्या हातकुऱ्हाडी मागे पडतात आणि आधी आकार ठरवून काढलेले छिलके पुढे येतात. हा बदल कोणत्या मानवाने केला ते कळत नाही, कारण तिथे मानवी हाडे मिळालेली नाहीत.

त्याला जोडून, छिलक्याबद्दल : छिलका म्हणजे दगडावर घाव घालून काढलेली कपची; ती टाकाऊच असते असे नाही. लव्हाल्वा पद्धतीत, म्हणजे दगड आधी तयार करून त्यातून हव्या आकाराचा छिलका काढण्याच्या पद्धतीत, तर छिलका हाच हेतू असतो. आधी गोट्याच्या कडेने सभोवार घाव घालायचे, मग वरची बाजू कासवाच्या पाठीसारखी फुगीर करायची, एका टोकाला आघातासाठी पृष्ठ नीट करायचे आणि तिथे एकच नेमका घाव. फुगीरपणा कमी पडला तर छिलका अर्ध्यातच पायरी पडून तुटतो. घाव फार आत बसला तर गाभ्याचे (ज्यातून छिलका काढतात त्या दगडाचे) पलीकडचे टोकही सोबत निघून येते आणि गाभा वाया जातो. हातात आलेला तुकडा माणसाने काढलेला आहे का, हे पाहताना आघातपृष्ठ, त्याखालचा फुगवटा, तिथून पसरत गेलेल्या लाटा आणि पाठीवरचे आधीच्या छिलक्यांचे व्रण एकत्र तपासावेत. नुसत्या फुगवट्यावर निकाल देऊ नये. नदीत दगडावर दगड आपटूनही तो येतो.

पुन्हा प्रश्न : मग सूक्ष्मास्त्रे (अगदी लहान दगडी हत्यारे) दिसली की मध्याश्मयुग म्हणायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. आंध्रातल्या ज्वालापुरमची सूक्ष्मास्त्रे सुमारे ३५,००० वर्षांपूर्वीपासूनची आहेत. उलट बाजूने, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या, मध्याश्मयुगाच्या बऱ्याच नंतरच्या, ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या) शेतकऱ्यांकडेही कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या दगडाची पाती होती. पाते म्हणजे रुंदीच्या किमान दुप्पट लांब, समांतर कडांचा छिलका. तो घडवण्याच्या पद्धतीचा शब्द आहे, काळाचा नव्हे. काळ थरावरून आणि कालमापनावरून ठरतो.

‘मध्याश्मयुगा’ऐवजी ‘आंतराश्मयुग’ हा शब्दही मराठीत आहे, आणि माझ्या मते तोच रूढ व्हावा. तोवर लिहिताना ‘मध्य’ आला की शेजारी वर्षे द्यावीत.