हात बधिर होतो म्हणून जाड ग्रिप? मला हे अजिबात पटत नाही

टेकडीवाट (पुणे):
काल इथेच एकाने लिहिलं, "एमटीबी (माउंटन बाइक) चालवताना हाताला मुंग्या येतात? हँडलला जाड जेलच्या ग्रिप (मुठी) घाला, प्रश्न मिटला." खाली धन्यवादांची रांग लागली. मला राहवलं नाही. हाच सल्ला मी तीन वर्षांपूर्वी ऐकला आणि त्यापायी अख्खा हिवाळा हात दुखवून घेतला.

माझा पंजा लहान आहे, हातमोजा सात नंबरचा बसतो. सायकलबरोबर आलेल्या ग्रिप 30 मिलिमीटरच्या होत्या. त्या काढून 34 च्या गुबगुबीत घातल्या. दुकानात दाबून बघितल्या तेव्हा उशीसारख्या वाटल्या. वेताळ टेकडीवर गेलो आणि कळलं की बोटं पूर्ण वळतच नाहीत. मूठ नीट वळली नाही की माणूस जोर लावून धरतो. उतारावर एक बोट ब्रेकवर आणि उरलेल्या तीन बोटांनी तो जाडजूड दांडा आवळायचा. दहा मिनिटांत कोपरापासून खाली हात दगड. मुंग्या होत्या तशाच, वर पकड सुटायची भीती. शिवाय ग्रिप नुसती सरकवून बसवलेली, त्यामुळे जोर दिला की हँडलवर गोल फिरायची.

मऊपणा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी जाडी. मूठ वळल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या खालच्या उंचवट्याला जेमतेम टेकलं पाहिजे. मग ग्रिप हलता कामा नये, म्हणजे लॉक-ऑन, कॉलरच्या (टोकाच्या कड्याच्या) बोल्टने आवळायची. त्यानंतर रबर कसलं आहे ते. मी परत 30 च्या लॉक-ऑन घातल्या, ब्रेकच्या लिव्हरचा कोन बदलून मनगट सरळ ठेवलं आणि दोन आठवड्यांत मुंग्या गेल्या. जेलवालीच्या निम्म्या पैशांत.

लांबपल्ला (नाशिक):
तुमचा पंजा लहान म्हणून जगाचा पंजा लहान? माझा हात दहा नंबरच्या मोज्याचा. 30 ची ग्रिप धरली की नखं तळहातात रुततात. मला 33-34 च लागते.

आणि मी जे वापरतो त्याचं तुम्ही नावही घेतलं नाही. एर्गॉनसारख्या पंखवाल्या ग्रिप. तळहाताच्या बाहेरच्या कडेला टेकायला रुंद पाट मिळतो. मी एमटीबीवर 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) केली आहे, साडेतेरा तासांची मर्यादा, माझे तेरा तास गेले. त्याआधीच्या प्रयत्नात गोल ग्रिप होत्या, तेव्हा 140 किलोमीटरला करंगळी गेली ती चार दिवस परत आली नाही. घरी शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. पंखवाल्या घातल्यावर असं एकदाही झालं नाही. टेकडीवर तासभर जाऊन येणाऱ्याने लांब पल्ल्याच्या हाताबद्दल निकाल देऊ नये.

मातीचारस्ता (सातारा):
200 किलोमीटर डांबर, तेही एमटीबीवर! इथेच सगळं दुखणं आहे. पुढचा फॉर्क 100 मिलिमीटर दबणारा, टायर सव्वादोन इंची गाठीवाले, आणि चाललेत हायवेच्या कडेने. हायब्रिड घ्या, नाहीतर बार-एंड (हँडलच्या टोकाला जोडलेली शिंगं) असलेलं काहीतरी घ्या म्हणजे हाताची जागा बदलता येईल. यवतेश्वरच्या घाटात रोज बघतो, एकाही एमटीबीच्या टायरला माती लागलेली नसते. यांच्या सोयीसाठी कंपन्या ग्रिपला पंख लावतात आणि खऱ्या उतारावर जाणाऱ्या आम्हालाही त्याच विकल्या जातात. उतारावर कोपर बाहेर काढलं की मनगट फिरतं, तेव्हा तो पंख बरोबर आडवा येतो.

लांबपल्ला (नाशिक):
दोन सायकली घ्यायला सगळ्यांकडे पैसे नसतात साहेब. एकच सायकल, तिच्यावर ऑफिसही आणि त्र्यंबकही. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून आमच्याकडे घरोघरी जी सायकल होती ती बाहेर निघाली. बहुतेकांकडे एमटीबीच होती. माझीही तीच. त्याला हसायचं कारण नाही.

मातीचारस्ता (सातारा):
हसलो नाही. ग्रिपचा दोष आणि सायकलच्या निवडीचा दोष वेगळा करा, एवढंच.

मनगटताई (रत्नागिरी):
मी फिजिओथेरपिस्ट आहे. टेकडीवाट आणि लांबपल्ला, तुम्ही दोघं दोन वेगळ्या दुखण्यांवर भांडताय.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होत असेल तर अल्नर नस दबते आहे. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला वाटाण्याएवढं हाड हाताला लागतं, त्याच्या शेजारून ती जाते. हाताचं वजन तिथे टेकलं की ती चेपते. त्यासाठी रुंद टेकू उपयोगी पडतो, लांबपल्ला यांचा अनुभव त्यात बसतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर ती मीडियन नस. तिथे मनगट वाकवून ठेवणं आणि घट्ट आवळणं जास्त घातक. टेकडीवाट यांनी कोणती बोटं ते लिहिलंच नाही, पण लिव्हर फिरवून बरं वाटलं म्हणजे अंदाज येतो.

आणि ग्रिपवर पैसे घालायच्या आधी सीटचं नाक बघा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहा-सात जणांनी खाली टोचतं म्हणून सीट पुढे झुकवलेली असते. मग अंग घसरून सगळा भार हातावर येतो. त्याला कुठली ग्रिप पुरणार?

टेकडीवाट (पुणे):
ताई, अंगठा आणि पहिली दोन बोटं. बरोबर ओळखलंत. करंगळीवाल्यांसाठी पंखाचा उपयोग असेल, हे मान्य करतो. टेकडीवर तो नको, या मतावर मी कायम आहे.

दमटहवा (अलिबाग):
आमच्याकडे येऊन लॉक-ऑनचं रबर दाखवा एकदा. घाम, खारा वारा आणि ऊन. मऊ रबर वर्षाच्या आत चिकट होतं, हात काळे होतात, ऑफिसच्या शर्टाला डाग. तीन जोड फेकले. आता ईएसआय कंपनीच्या सिलिकॉन फोमच्या, दोन वर्षं झाली, चिकटपणा नाही. चंकी प्रकारची जोडी साठेक ग्रॅम. लॉक-ऑनच्या कॉलरच किती जड असतात. आणि कॉलरवर तळहाताची कड टेकली की टोचते ती वेगळी.

टेकडीवाट (पुणे):
सिलिकॉन एकदा झुडपात घासली की केळ्याच्या सालीसारखी सोलवटते. ओल्या चिखलात निसरडी लागते. आणि लिव्हर बदलायचा झाला तर अख्खी ग्रिप उपसायची, अर्ध्या वेळा फाटते. कॉलर टोचते त्यांनी फक्त आतल्या बाजूला कॉलर असलेली घ्यावी, तशाही मिळतात.

फिटरदादा (कोल्हापूर):
बावीस वर्षं दुकान आहे माझं. एक सांगतो, ग्रिप फिरते ती ग्रिपच्या चुकीने कमी आणि बसवणाऱ्याच्या चुकीने जास्त. साधी सरकवायची ग्रिप असली तरी हँडल आधी स्पिरिटने पुसून कोरडं करायचं, मग आतून स्पिरिट मारून एका दमात सारायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. हलत नाही. लोक घरी तेल लावून सारतात. तेल कुठं जाणार? जन्मभर फिरतीय. काहीजण पेट्रोल लावतात, रबर फुगून मऊ पडतं. लॉक-ऑनला पण कॉलरवर आवळण्याचा आकडा छापलेला असतो तो कोण वाचत नाही, ॲलन की ला लोंबकळतात आणि बोल्टचे आटे मारून माझ्याकडे आणतात.

आणि ऑनलाइन मागवणाऱ्यांचं काय सांगू. अशा सरळ हँडलचं टोक सगळीकडे 22.2 मिलिमीटर जाडीचं असतं म्हणून निर्धास्त मागवतात. गिअर मूठ फिरवून बदलायचा असला तर तिथं नव्वदेक मिलिमीटरचीच जागा असते. 130 मिलिमीटर लांबीची आणतात आणि म्हणतात दादा, कापून द्या. कापून देतो, मग टोकाला भोक राहतं.

शाळेचीवेळ (ठाणे):
फिटरदादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून हात थरथरला. टोकाला भोक राहतं, आणि तुम्ही ती सायकल तशीच देता?

माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. ग्रिपचं टोक झिजून फाटलेलं, आतली नळी उघडी. सोसायटीच्या आवारात वळताना हँडल आडवं झालं आणि तो त्या नळीवर पोट घेऊन पडला. पोटावर फक्त गोल लाल वळ, एक रुपयाच्या नाण्याएवढा. रडला, पाणी प्यायला, खेळायला गेला. रात्री उलट्या सुरू झाल्या. स्वादुपिंडाला मार होता. अकरा दिवस रुग्णालयात, त्यातले चार अतिदक्षता विभागात. डॉक्टर म्हणाले, हँडलच्या टोकाचा मार असाच असतो, वरून काही दिसत नाही आणि आत यकृत, प्लीहा, आतडं, काहीही दुखावलेलं असतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात सायकल सर्व्हिसिंग करून आणली होती. चेन चमकत होती. टोकाकडे कुणी बघितलं नव्हतं.

तुम्ही मिलिमीटर मोजत बसा. मी ग्रिप घेताना एकच बघते, टोक बंद आहे का.

फिटरदादा (कोल्हापूर):
ताई, वाईट वाटलं. खरंच. पण सगळं फिटरच्या डोक्यावर टाकू नका. बूच लावलं तर गिऱ्हाईक म्हणतं, हे वीस रुपये कशाचे? काढा. पोरं तर स्वतः काढतात, भारी दिसतं म्हणून. मी कुणाकुणाच्या मागं लागू?

शाळेचीवेळ (ठाणे):
मग वीस रुपये घेऊ नका. पण उघडं टोक दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. सुटलेल्या ब्रेकची सायकल देता का, गिऱ्हाईक नको म्हणालं म्हणून?

मातीचारस्ता (सातारा):
धाग्याचा विषय ग्रिपच्या निवडीचा आहे. लहान मुलांच्या सायकलींसाठी वेगळा धागा काढता येईल.

मनगटताई (रत्नागिरी):
का काढायचा वेगळा? उघड्या नळीला वय कळत नाही. मोठ्यांच्या मांडीत घुसलेली मी पाहिली आहे. सायकल सुरक्षेच्या आयएसओ 4210 मानकात हँडलची टोकं ग्रिपने किंवा बुचाने झाकलेली हवीत असं स्पष्ट आहे. हे निवडीत येत नाही तर काय येतं?

लांबपल्ला (नाशिक):
शर्यतीतही टोक उघडं चालत नाही. मातीचारस्ता, तुम्ही मघाशी डांबर-मातीवर तीन परिच्छेद खाल्लेत तेव्हा विषय आठवला नाही?

मातीचारस्ता (सातारा):
एकच परिच्छेद होता. शाळेचीवेळ ताईंना गप्प करायचं नव्हतं, शब्द चुकले, माफी मागतो. पण तुमचं हे प्रत्येक गोष्टीत मला टोचणं थांबवा.

दमटहवा (अलिबाग):
शाळेचीवेळ ताई, आत्ता खाली जाऊन बघून आलो. माझ्या सिलिकॉनच्या ग्रिपबरोबर प्लास्टिकची बुचं आली होती, दाबून बसवायची. उजवं आहे. डावं कधी पडलं माहीत नाही. ग्रिप मऊ असल्यामुळे नळीची कड हाताला सरळ लागते आणि मी दोन वर्षं सिलिकॉनचं कौतुक करत फिरतोय. तूर्त बाटलीचं बूच तासून ठोकलं आहे.

टेकडीवाट (पुणे):
बाटलीचं बूच निघून येतं, आतून स्क्रूने फुगणारं घ्या. काही लॉक-ऑनना टोक बंदच असतं, रबर वरून येतं. पण तेही दोनचार वेळा सायकल भिंतीला टेकवून, आडवी पडून झिजतं आणि आतली नळी चाकूसारखं रबर कापत बाहेर येते. माझ्या लाडक्या 30 च्या ग्रिपची उजवी बाजू अशीच झाली आहे, आज नखाने चाचपल्यावर कळलं. कालच्या सल्ल्याला उत्तर देताना मी जाडी, पकड आणि रबर लिहिलं. टोकाचा शब्दही लिहिला नाही. तो पहिला यायला हवा होता.

जाड जेलबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

लांबपल्ला (नाशिक):
मोठ्या हाताला जाड हवी, एवढं तरी लिहा.

टेकडीवाट (पुणे):
मोठ्या हाताला जाड हवी. जेल नको.

फिटरदादा (कोल्हापूर):
शाळेचीवेळ ताई, रात्री झोप लागली नाही. आज सकाळी दुकानात दुरुस्तीला आलेल्या सायकली मोजल्या. चौदा. त्यातल्या पाचांची टोकं उघडी, दोन पोरांच्या. सगळ्यांना बुचं ठोकली, बिलात धरली नाहीत. आणि 130 ची ग्रिप कापून मागणाऱ्याला आता सांगणार, आखूड मागवा, मी कापत नाही.

शाळेचीवेळ (ठाणे):
दादा, त्या दोन मुलांच्या आईवडिलांना नुसती सायकल देऊ नका. बूच कशाला बसवलं ते सांगा. पोटावर वळ दिसला तर रात्रीची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हेही सांगा. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

फिटरदादा (कोल्हापूर):
सांगतो. एकाचे वडील संध्याकाळी सातला यायचे आहेत.