मदत हवी आहे: नवं स्वीडिश पंक/इंडी शोधायचं कसं? (हाइव्ज आणि रिफ्यूज्ड सोडून)

तिरपागडा (शनिवार, रात्री ११:४२)
स्वीडिश पंक म्हटलं की स्पॉटिफाय फिरून फिरून द हाइव्ज, रिफ्यूज्ड आणि मिलेनकॉलिनवरच येतं. त्यातून सुटलं की व्हायग्रा बॉइज. हे सगळं ऐकून झालंय. नवं हवंय. इंडीही चालेल, पण पंक जास्त. बँडची यादी नको, शोधायचं कसं ते सांगा. जरा लवकर, वेळ कमी आहे.

कोरडी_भाकर (११:५८)
नवं म्हणजे किती नवं? मागच्या महिन्यातलं की २०१५ नंतरचं? स्वीडिशमध्ये गाणारे हवेत की इंग्रजीत? आणि पंक म्हणजे कोणतं?

हे विचारतोय कारण 'स्वीडिश पंक' नावाची एकच एक वस्तू नाही. त्राल्पंक म्हणजे ला-ला करत गुणगुणता येईल अशी चाल आणि खाली धावता ड्रम: आस्ता कास्क, स्ट्रेबर्स, शार्ता ७७. शेंगपंक म्हणजे इंग्लंडच्या डिस्चार्ज या बँडचा डी-बीट (ड्रमचा ठराविक धावता ताल) उचलून आणखी खरखरीत केलेला: अँटी सिमेक्स, मॉब ४७, टोटालिटार. 'शेंग' म्हणजे बूट, भुईमुगाची नव्हे. लिहितात 'के'ने, म्हणतात 'श'ने, त्यामुळे शोधताना के टाइप करा. एक आवडणाऱ्याला दुसरं आवडेलच असं नाही.

तिरपागडा (रविवार, ००:०३)
काहीही चालेल हो. पंक.

खोबरेल (००:१०)
'काहीही चालेल' म्हणणाऱ्याला उपमा द्यावा, म्हणजे काय चालत नाही ते कळतं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मेणाची_तबकडी (००:५१)
ॲप तेच ते का दाखवतं? 'हे ऐकणारे अजून काय ऐकतात' यावर त्याचं गणित चालतं. महिन्याला दोनशे श्रोते असलेल्या बँडबद्दल त्याच्याकडे माहितीच नसते, म्हणून ते मोठ्या नावांकडे घरंगळतं. त्यावर उपाय म्हणजे माणसांचा माग काढणं. स्वीडनमध्ये एकच माणूस तीन-चार बँडमध्ये असतो, त्यामुळे हे फार चांगलं चालतं.

डिस्कॉग्जवर (रेकॉर्डांची ऑनलाइन सूची) जा. रिफ्यूज्ड उघडा. सदस्यांच्या नावांवर टिचकी मारा, प्रत्येकाचे बाकीचे बँड खाली दिसतात. गायक डेनिस लिक्सेन पुढे इंटरनॅशनल नॉइज कॉन्स्पिरसीत गेला. त्याच बँडमधली सारा अल्मग्रेन नंतर द व्हिशसमध्ये आणि मग मासहिस्टेरीत. मासहिस्टेरीतला दुसरा आवाज रॉबर्ट, तो आता हुरुला या नावाने एकटा गातो. दुसरा फाटा: लिक्सेन आणि रिफ्यूज्डचाच ड्रमर डेव्हिड सांडस्ट्रोम एसी४ मध्ये एकत्र, तिथे सांडस्ट्रोम बास वाजवायचा. हे सगळं एकाच उमेओ गावातून निघालेलं. रिफ्यूज्ड २०२४ अखेर थांबले, पण त्यांच्या फांद्या मोजत बसलात तर आठवडा जाईल.

माणसांनंतर लेबल. स्पॉटिफायवर अल्बमच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात हक्काची ओळ असते, तिथे लेबलचं नाव मिळतं. ते घेऊन शोधात इंग्रजीत लेबल, लगेच कोलन, मग अवतरण चिन्हात नाव असं टाका. जागा सोडू नका, अवतरण चिन्हं विसरू नका, नाहीतर त्या शब्दाची गाणी येतात. तिथे एखादा आकडा आणि पुढे 'रेकॉर्ड्स डीके' दिसलं तर तो माग सोडा. बँडने स्वतःच गाणं चढवलंय, वितरकाने आपोआप नाव चिकटवलंय, त्यामागे लेबल नाही.

सुरुवातीला ही लेबलं घ्या: योतेबोर्गची लक्झरी (माकथावेर्स्कान, वेस्टकुस्ट, एजंट ब्लो) आणि वेलफेअर साउंड्स (बेव्हर्ली किल्स), स्टॉकहोमची पीएनकेएसएलएम (शिटकिड, लेस बिग बर्ड), माल्मोची एड्रियन रेकॉर्डिंग्ज (स्पनशुगर). जुनं त्राल हवं तर बर्डनेस्ट.

सुपातले (०१:२०)
तबकडीकाका, वितरकाचा मुद्दा छान. पण तुमच्या पद्धतीने लोक २००९ मध्येच पोचतात. विचारलंय *नवं*. त्यासाठी बँडकॅम्प, म्हणजे बँड आपलं संगीत थेट विकतात ते संकेतस्थळ.

बँड ज्या गावाचा, त्या गावाचं नाव टॅगांच्या शेवटी येतं. म्हणून 'पंक' शोधू नका, गाव शोधा आणि 'नवीन आलेले' क्रम लावा. स्टॉकहोम फार मोठं, त्यात टेक्नोवाले घुसतात. उमेओ, ओरेब्रू, माल्मो, उप्साला असं घ्या. योतेबोर्ग दोनदा शोधा, एकदा इंग्रजी गॉथेनबर्ग आणि एकदा स्वीडिश स्पेलिंगने, कारण निम्मे बँड एक लिहितात आणि निम्मे दुसरं. फोनच्या कीबोर्डवर 'ओ' दाबून धरलीत की वर दोन टिंबवाली मिळते, 'ए' धरलीत की डोक्यावर गोल असलेली. साधा 'ओ' आणि टिंबवाला 'ओ' ही त्यांच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत, वर्णमालेत टिंबवाला अगदी शेवटी येतो.

मग सगळ्यात महत्त्वाचं: अल्बमखाली ज्यांनी तो विकत घेतला त्यांची छोटी चित्रं असतात. एकावर टिचकी मारली की त्याचा अख्खा संग्रह उघडतो. एखाद्या अनोळखी डेमोचे बाराच खरेदीदार असतील तर त्यांतले अर्धे त्याच गावचे असतात आणि त्यांच्या संग्रहात बाकीचं गाव सापडतं. यापुढे कुठलंही यंत्र झक मारतं.

मेणाची_तबकडी (०१:३१)
बँडकॅम्पवर नवं मिळतं, चांगलं मिळतंच असं नाही. लेबल म्हणजे कुणीतरी आधी ऐकून चाळलेलं असतं.

सुपातले (०१:३४)
शेंगपंकचा पहिला डेमो कोण चाळतं? चार गाणी, सहा मिनिटं, खोलीत रेकॉर्ड केलेलं. लेबल येईपर्यंत बँड फुटलेला असतो.

झणझणीत_७२ (०८:१५)
स्वीडन म्हणजे ॲबा! त्यापुढे सगळं फिकं. जड काही हवं असेल तर एंटूम्ड आणि ॲट द गेट्स ऐका. स्टॉकहोमच्या डेथ मेटलमधला तो करवतीसारखा गिटार आवाज बॉसच्या एचएम-२ पेडलचा, चारही बटणं पूर्ण उजवीकडे.

खोबरेल (०८:२२)
विचारलं पंक, मिळालं पेडल. ह.घ्या.

कोरडी_भाकर (०९:०५)
अवांतर, पण पेडल इतकंही अवांतर नाही. डिसफिअर आणि वोल्फब्रिगेड ऐकलेत तर डी-बीट आणि त्या आवाजाची सोयरीक कळेल.

धागाकर्ते, तुम्ही अजून भाषा सांगितली नाहीत.

तिरपागडा (०९:४०)
स्वीडिश चालेल. बँडकॅम्प करून पाहिलं, तीनदा ऐकल्यावर विकत घ्या म्हणतंय आणि कार्ड घेत नाही. हा काय वैताग?

सुपातले (०९:५२)
कार्ड भारतातलं आहे का ते आधी सांगायचं ना. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगात 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' आणि 'ऑनलाइन' ही दोन बटणं वेगवेगळी असतात. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती मुळात बंदच येतात. दोन्ही चालू करा, मर्यादा कमी ठेवा, घेऊन झालं की बंद. आणि 'किंमत तुम्ही ठरवा' लिहिलेलं असेल आणि किमान रक्कम नसेल तर शून्य टाकून उतरवून घेता येतं. बरेच डेमो असेच असतात.

शिंपल्यातला_मोती (१०:३०)
रेडिओ कुणीच सांगितला नाही. स्वेरिएस रेडिओचं (स्वीडनचा सार्वजनिक रेडिओ) ॲप भारतातही चालतं. त्यातली पी३ वाहिनी लावा. पी४ ची स्थानिक केंद्रंही नवोदितांची 'पी४ नेस्ता' स्पर्धा घेत आली आहेत.

मेणाची_तबकडी (१०:४१)
पी४ नेस्तात पंक शोधणं म्हणजे देवळात मटण शोधणं. तिथे पॉप आणि गावठी बॅलड. पी३ दिवसा पूर्ण मुख्य प्रवाहाचं. रेडिओच हवा तर मॅक्सिमम रॉकनरोल या पंक मासिकाचा साप्ताहिक कार्यक्रम ऐका. छापील अंक २०१९ मध्ये थांबला, पण रेडिओ आणि डेमोंची परीक्षणं संकेतस्थळावर चालू राहिली. अमेरिकेचं असलं तरी स्वीडनच्या शेंगपंकचं त्यांना पहिल्यापासून वेड.

शिंपल्यातला_मोती (१०:५५)
रेडिओचा एक फायदा तरी माना, नावं कानावर येतात. गावांचे उच्चार कळले नाहीत तर निवेदक काय बोलला ते सापडतच नाही. योतेबोर्ग ते 'योतेबोरी' म्हणतात. बर्डनेस्ट आणि शार्ता ७७ ज्या गावचे, ते कोपिंग लिहितात आणि 'श्योपिंग' म्हणतात. अँटी सिमेक्सचं स्कोव्दे तर 'ह्वेव्दे' ऐकू येतं, घसा साफ करावा तसं.

कोरडी_भाकर (११:१०)
हे मात्र +१.

लिंबूटिंबू (११:२५)
एक बाळबोध प्रश्न. एवढ्याशा देशात एवढे बँड कसे? तालमीला जागा परवडते?

कोरडी_भाकर (११:४८)
परवडते, कारण पैसे अंशतः सरकारचे असतात. तिकडे 'स्टूडिएफरबुंड' म्हणजे अभ्यास मंडळांच्या संघटना असतात, एबीएफ, स्टूडिएफ्रेमयांडेट, बिल्डा वगैरे. बँडने स्वतःला अभ्यासगट म्हणून नोंदवायचं, कोण किती तास आलं ते भरायचं, की तालमीची खोली स्वस्तात. हजेरी लावून पंक! त्याआधी शाळेच्या वयात नगरपालिकेची संगीतशाळा. त्यामुळे फागेश्तासारख्या पोलादाच्या छोट्या गावातून द हाइव्ज निघतात.

शोधायला याचा उपयोग असा: या संघटनांच्या जिल्हा शाखा स्वतःचे छोटे कार्यक्रम लावतात. त्यांची इव्हेंटची पानं बघा, तिथली नावं तीन महिन्यांनी बँडकॅम्पवर येतात.

परदेशी_पाहुणा (१२:०२)
स्वीडनला पीआर किती वर्षांत मिळतो? आयटीत आहे.

खोबरेल (१२:०५)
आधी ड्रम शिका.

तिरपागडा (१२:३०)
सगळ्यांचे आभार, पण हे सगळं घरबसल्या ऐकण्याचं झालं. पोस्टर वगैरे कुठे लागतात? मला कार्यक्रम बघायचेत. ऑक्टोबरमध्ये पाच दिवस तिकडे आहे. भाचा बरोबर आहे, तोच ऐकतो जास्त.

सुपातले (१२:३३)
🤦 तेरा तास.

कोरडी_भाकर (१२:३६)
भाच्याचं वय?

तिरपागडा (१२:४०)
१७. का?

कोरडी_भाकर (१३:१५)
कारण तिथेच सगळं अडतं. दारू विकणाऱ्या ठिकाणी १८ किंवा २० चं बंधन असतं, तेही दर कार्यक्रमाला वेगळं. इव्हेंटच्या पानावर 'ओल्डर्सग्रेन्स' हा शब्द शोधा, गोलवाल्या 'ए'ने सुरू होतो, पुढे आकडा असतो. मामा बरोबर आहे म्हणून सोडत नाहीत. मूळ पासपोर्ट न्या, फोनमधला फोटो चालेलच असं नाही.

वयाचं बंधन नसलेल्या जागा म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या. स्टॉकहोमला सोडेरमाल्ममधलं काफे ४४ हे जुनं नाव, दारू नाही आणि वयाची अटही नाही. होग्दालेनचं सिकलोपेन दुसरं. पहिली इमारत २००८ मध्ये जळाली, लोकांनी स्वतः नवी बांधून २०१३ मध्ये उघडली. दोन्हीकडे रोज कार्यक्रम नसतात, जायच्या आठवड्यात त्यांचं पान बघूनच निघा.

अजून तीन शब्द. 'स्पेलनिंग' म्हणजे कार्यक्रम (एस-पी-ई-एल, एकच एल, त्याला निंग जोडा, गावाच्या नावासह शोधा). 'इनस्लेप' म्हणजे दार उघडण्याची वेळ. 'स्कीव्हस्लेप' म्हणजे नव्या रेकॉर्डचं प्रकाशन, आणि नवे बँड ऐकायला हाच उत्तम दिवस, कारण मित्रमंडळींचे दोन-तीन बँड आधी वाजवतात. शेंगपंकच्या पोस्टरवरची नावं वाचता येत नाहीत, काट्याकुट्यांचा ढीग दिसतो. गूगल लेन्सही हरतं. पोस्टखालच्या मजकुरात नावं साधी लिहिलेली असतात, ती घ्या.

मेणाची_तबकडी (१३:२८)
पैशाचं सांगायचं राहिलं. छोट्या कार्यक्रमात दाराशी 'स्विश' (फोनवरून पैसे देण्याचं ॲप) मागतात. त्याला स्वीडिश बँकेचं खातं लागतं, पाहुण्याला मिळत नाही. कार्डयंत्र दरवेळी नसतं. दोनशे क्रोनरच्या दोन-चार नोटा खिशात ठेवा, आणि कुणी नातेवाइकाने कपाटातल्या जुन्या नोटा दिल्या तर घेऊ नका, २०१७ नंतर त्या दुकानात चालत नाहीत. टी-शर्ट आणि सात इंची रेकॉर्डच्या टेबलावरही हेच.

झणझणीत_७२ (१३:३५)
मुलाला कानात बोळे घालायला लावा. तिकडे आवाजाची मर्यादा सरासरी १०० डेसिबल, १३ वर्षांखालची मुलं असतील तर ९७. १०० काही कमी नाही.

खोबरेल (१३:३७)
झणझणीतराव मुद्द्याला धरून बोलले. धाग्याचा सत्कार करा.

तिरपागडा (१४:०२)
उत्तम. मग एक दिवस स्टॉकहोमहून उमेओला जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? भाच्याला ते रिफ्यूज्डचं गाव बघायचंय.

सुपातले (१४:१०)
रेल्वेने एका बाजूला सहा-सात तास. कार्यक्रम रात्री, त्याच दिवशी परत येणं जमत नाही. मुक्काम करणार असाल तरच. त्यापेक्षा योतेबोर्ग, वेगवान गाडीने साधारण तीन तास.

तिरपागडा (१४:३१)
बरं. पण आमचं विमान कोपनहेगनला उतरतंय आणि राहायचं माल्मोला आहे. स्टॉकहोम जमलं तर एक दिवस.

कोरडी_भाकर (१४:३३)
...

मेणाची_तबकडी (१४:५०)
मग वरचं स्टॉकहोम विसरा. माल्मोत प्लान बी आणि इनकॉन्स्ट या दोन जागांची पानं आजपासून बघत राहा, वयाचं बंधन प्रत्येक तारखेला वेगळं तपासा. बँडकॅम्पवर माल्मो टॅग लावून आत्ता कोण सक्रिय आहे ते काढा: हार्डकोअरला एग्झिल, शांत बाजूला हेटर आणि स्पनशुगर. पूल ओलांडून कोपनहेगन रेल्वेने साधारण चाळीस मिनिटांवर, तिथलं उंगडोम्सहूसेट हे पंकचं घरच. माल्मोतले बँड तिथे वाजवतात आणि तिथले इथे. सीमेवर ओळखपत्र बघू शकतात, तेव्हा पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका. डेन्मार्कात स्वीडिश क्रोनर धरू नका, त्यांचा क्रोन वेगळा.