“भजन लावलं आणि कोमातून उठला” – पुरे झालं आता

सुरंगीचा वळेसर
वाडीच्या ग्रुपवर काल पुन्हा तोच मजकूर फिरला. कुडाळकडचा कुणी मुलगा, बाईक घसरली, डॉक्टर म्हणाले देवावर सोडा, आईने कानाशी मोबाईल धरून ग्रामदेवतेचं भजन लावलं आणि तिसऱ्या दिवशी पोरगा “आई” म्हणत उठला. मुलाचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही, साल नाही. खाली मात्र ठळक अक्षरांत: ज्यांचा माणूस कोमात आहे त्यांच्यापर्यंत पोचवा.

पोचला. माझ्या चुलत जावेपर्यंत पोचला. तिचा नवरा गेल्या पावसाळ्यात अकरा दिवस आयसीयूत होता आणि गेला. रात्री साडेदहाला तिचा फोन. “ताई, आपण भजन लावलं नाही म्हणून गेले का हो ते?” काय उत्तर देऊ?

सत्तावीस वर्षं नर्स होते, त्यातली चौदा आयसीयूत. डोक्याला मार लागलेला माणूस आला की मेंदूची सूज वाढू नये, व्हेंटिलेटर सोसावा म्हणून त्याला औषधानेच झोपवून ठेवतात. सूज उतरली की औषध कमी करत आणतात आणि नेमके तेव्हाच डॉक्टर घरच्यांना सांगतात, आता हाका मारा, बोला त्याच्याशी. घरचे भजन लावतात. माणूस डोळे उघडतो. झोपेच्या औषधाचा पंप कुणी बंद केला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

बरं, औषधाचा नसलेला, खराखुरा कोमासुद्धा सहसा दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. माणूस शुद्धीकडे येतो, नाहीतर जातो, नाहीतर डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत अडकतो. रोज काहीतरी लावत राहिलात तर डोळे कुठल्यातरी गाण्यावर उघडणारच.

आणि तो मॉनिटर! गाणं लावलं, नाडी 84 वरून 98 वर गेली, की “ऐकतोय, ऐकतोय” म्हणून सगळे रडायला लागतात. अहो, मी कफ ओढायला घशात नळी घातली की तीच नाडी 120 वर जायची. माझी नळी काय त्याच्या आवडीची होती?

गाणी लावा. जरूर लावा. औषध म्हणून वाटत फिरू नका, एवढंच.

झील मालवणचो
ताई, तुमी नर्स, तुमचो मान हा. पण माझा आयका. माझो भाव पखवाज वाजवता. 2019 च्या शिमग्यात डंपरान उडवल्यान तेका. गोव्याक नेलाव. महिनो झालो तरी डोळे उघडे, पण बघणा नाय. मी एक दिवस तेच्याच भजनाच्या बारीचो गजर लावलंय, ज्येच्यात पखवाज तेचोच हा. उजव्या हाताचा बोट चादरीर पडाक लागला. डाव्याचा नाय. आणि समेर, ठेक्याच्या पयल्या मात्रेर, पडा होता! थयली नर्स म्हणता, रिफ्लेक्स. मी इचारलंय, बाई, रिफ्लेक्साक सम कळता काय?

भाट्याची खाडी
कोणता गजर? सिनेमाच्या चालीवरचा असेल तर बोट वैतागून हलवलं असणार. हल्लीच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे भजनाचे सामने, ऐकून शुद्धीतला माणूस कोमात जाईल. आमच्या आजोबांच्या वेळी रूपाचा अभंग अर्धा तास चालायचा. आता बुवा दहा मिनिटांत देव उरकतात आणि समोरच्या बुवाच्या पोटावर, टकलावर येतात.

पेटीमास्तर
खाडीसाहेब, तुम्ही शेवटची बारी कधी ऐकलीत? गणपतीत चार दिवस यायचं, मंडपात मागे खुर्चीवर बसून मोबाईल बघायचा आणि परंपरा बुडाली म्हणून गळा काढायचा. त्या सिनेमाच्या चालीमुळे वीस वर्षांची पोरं पहाटे चारपर्यंत झांजा घेऊन बसतात. नाहीतर कोरसला उभं राहायला माणूस मिळेना, सगळे मुंबईला.

भाट्याची खाडी
मी बारा वर्षं झांज वाजवली आहे. मुंबईकर म्हणून हिणवू नका.

पेटीमास्तर
मग बारा वर्षांत तालातली सम आणि काल यातला फरक कळला असेल अशी आशा.

आंबा घाट
तुमचं भजन चालू द्या. माझा प्रश्न असा की डंपरने उडवलेल्या माणसाला गोव्याला का न्यावं लागतं? मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं. आमचा मेहुणा कोल्हापूरला पोचेपर्यंत पाच तास गेले, त्यात घाटात एक ट्रक बंद पडलेला. मेंदूत रक्त साकळत असताना पाच तास! मग कानाशी कुठलंही गाणं लावा. पहिले काही तास गेले की गेले. यावर कुणी धागा काढत नाही.

सुरंगीचा वळेसर
आंबा घाट, शंभर टक्के. पण तो वेगळा धागा होईल, काढा, मी येते.

टोपीवाले गुरुजी
ताईंनी अनुभव सांगितला, पण विज्ञान एवढं कोतं नसतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 42 वर्षं कोमात होत्या, तरी परिचारिकांनी त्यांना जपलं, त्यांच्याशी बोलत राहिल्या. अमेरिकेत तर घरच्यांचा आवाज ऐकवून रुग्ण बरे केल्याचं सिद्धही झालं आहे.

सुरंगीचा वळेसर
गुरुजी, त्या कोमात नव्हत्या. 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत त्या होत्या ती वनस्पतीवत अवस्था. झोप-जाग असते, डोळे उघडतात, भान नसतं. हळदीपूरच्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या. सेवा केली ती केईएमच्या परिचारिकांनी, आणि तीही त्या उठतील म्हणून नव्हे. आमच्या पेशातल्या त्या सेवेला फॉरवर्डच्या रांगेत बसवू नका, राग येतो.

फिजिओ, चिपळूण
गुरुजी म्हणतात तो अभ्यास 2015 चा. आप्तांच्या आवाजात घरच्या आठवणी रेकॉर्ड केल्या आणि दिवसातून चारदा, सहा आठवडे ऐकवल्या. ज्यांना ऐकवल्या त्यांची प्रगती जास्त दिसली हे खरं. पण रुग्ण होते एकूण 15, आणि ऐकवल्या त्या आठवणी, गाणी नव्हेत. “सिद्ध झालं” म्हणायला हे फार थोडं आहे. तुलनेला बघा: मेंदूला मार लागून भान हरपलेल्यांना दिलेल्या अमांटाडिन या गोळीचा 2012 चा अभ्यास 184 रुग्णांचा होता, त्यात काहींना खोटी गोळी दिली होती. खरी गोळी घेणाऱ्यांच्या सुधारणेचा वेग वाढला. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांत दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. औषधाची ही कथा, तर भजनाची काय सांगावी.

पण वळेसर ताई, तुम्हीही एक बाजू गाळलीत. फ्रान्समध्ये लिऑनच्या गटाने रुग्णाच्या आवडीचं संगीत लावलं आणि लगेच त्याला त्याचं नाव ऐकवलं. नुसत्या खरखरीनंतर नाव ऐकवलं त्यापेक्षा मेंदूचा प्रतिसाद जास्त दिसला. रुग्ण मोजकेच. तरी थोडा वेळ मेंदू सावध होतो असं म्हणायला जागा आहे.

सुरंगीचा वळेसर
सावध होणं आणि उठणं यात समुद्र आहे.

फिजिओ, चिपळूण
आहे. पण मालवणच्या भावांचं बोट त्या समुद्रातच पडत होतं ना? बेल्जियममध्ये 2009 मध्ये भान नाही असं डॉक्टरांचं एकमत असलेले 44 रुग्ण नीट मोजपट्टी लावून तपासले. 18 जणांना थोडंथोडं भान होतं. त्या नर्सबाईंनी “रिफ्लेक्स” म्हणून विषय संपवला, ते चूकच.

सुरंगीचा वळेसर
ठीक आहे. रिफ्लेक्स म्हणून चादर सारखी करून पुढच्या खाटेकडे जाणारी मीही होते, हे लिहायला मला आनंद होत नाहीये. एका नर्सकडे सहा खाटा असल्या की चादरीवरचं बोट बघायला वेळ नसतो. पण झील, तेव्हा करायला हवं होतं ते असं: तोच गजर लावायचा. मग बंद करून नुसती शांतता. मग त्याने कधी न ऐकलेलं काहीतरी. पुन्हा गजर. दिवसातून दोनदा, कुणीतरी लिहून ठेवायचं. आणि मधे गाणं बंद करून सांगायचं, “बोट उचल.” सांगितल्यावर उचललं, तेही पुन्हापुन्हा, तर मी हात जोडते.

आणखी एक. आरसा. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर आरसा हळू फिरवला तर स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर जाते, बॅटरी किंवा दुसऱ्या वस्तूमागे जाईलच असं नाही. घरात कुणी असेल तर करून बघा. फुकट आहे.

पेटीमास्तर
म्हणजे ओळखीचं लागतं, हाच मुद्दा झाला. चेहरा स्वतःचा, नाव स्वतःचं, गजर स्वतःच्या बारीचा. मग त्या फॉरवर्डमधल्या पोराला ग्रामदेवतेचं भजन का? त्याच्या मोबाईलमध्ये डीजेची गाणी असणार. आईच्या आवडीचं लावून पोरगा कसा उठेल? खाडीसाहेब, तुम्ही कोमात गेलात तर तुम्हाला अर्ध्या तासाचा अभंग लावू, काळजी नको.

भाट्याची खाडी
लावा. आणि पेटी तुम्ही वाजवू नका, म्हणजे उठेन.

झील मालवणचो
ताईनू, आमका तेव्हा कोणी सांगूक नाय. आमी गजर लावलाव, बोट बघलाव, आवस रडली, परत लावलाव. शांतता करून बघुची ह्या डोक्यातच इला नाय. आठ-धा दिवसांनी तेना आवशीक बघून मान वळवल्यान. गजरान का औषधान, माका ठावक नाय. तुमी म्हणतात तसा आपसूकही आसात.

आता तो घराकडे आसा. डावो पाय ओढता. पखवाज मांडयेर घेता, उजवो हात बरो पडता, डावो मागे रवता. दुसरो कोणी चुकीचो ठेको धरल्यान तर शिवी अजून पयल्यासारखी देता.

सुरंगीचा वळेसर
शिवी आज्ञेशिवाय येत असेल तरी चालेल. जावेला तुमचं हे दाखवते. तिला एवढंच सांगायचं आहे की तिच्या नवऱ्याच्या मेंदूत जे झालं होतं ते भजनाने थांबणारं नव्हतं.

भाट्याची खाडी
झील, भाऊ सावरले हे बरं झालं. पण चाल कोणती होती ते अजून सांगितलं नाहीत.