जिम्नीचा पुढचा स्टॅबिलायझर बार बागेच्या वाटेवर सुटा करावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जांबोटीच्या पुढे, कणकुंबी रस्त्यापासून आत आमची काजूची बाग आहे. डांबरी सोडली की तांबड्या मातीची वाट, आणि पाऊस सरला की तिची पार दैना झालेली असते. पाण्यानं तिरपे चर पाडलेत, मधेमधे जांभ्याचे दगड वर आलेत. गाडी चरात उतरली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी लटकतं, जागच्या जागी फिरतं. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाकलं की फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो, ताकद दुसऱ्याकडे जाते आणि गाडी निघते, पण हिसका देऊन. मागच्या सीटवर आई असते, तिचं कंबरेचं दुखणं जुनं आहे. मला खरी काळजी त्या हिसक्याची आहे.

आमचे मिस्त्री म्हणतात, पुढचा बार खोलून टाका, चाकं मोकळी होतील. चुलतभाऊ म्हणतो, अजिबात हात लावू नकोस. त्याच्याकडे नवी थार आहे. मला कळलंय ते असं: ही पोलादी दांडी डाव्या-उजव्या चाकांना जोडते. एक चाक वर गेलं की ती पिळते आणि दुसऱ्यालाही वर ओढते. वळणावर त्यामुळेच गाडी कमी कलते, चरात मात्र तेच आड येतं.

बेळगावपासून बहुतेक रस्ता डांबरी आणि पुढे वळणांचा, खराब वाट शेवटी थोडीशीच. मग बार सुटा करूनच घरून निघालं तर चालेल का? एकाच बाजूची लिंक (बारचं टोक जोडून धरणारी छोटी दांडी) सोडली तर भागतं का? कृपया स्वतः करून पाहिलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद १
दादा, सोडा, पण बागेच्या वाटेच्या तोंडाशी, आणि परतताना डांबरीवर यायच्या आधी जोडा. बार नसला की वळणावर गाडी जास्त कलते, आणि समोर अचानक म्हैस आली म्हणून स्टेअरिंग फिरवलंत तर सावरायला वेळ लागतो. जीपच्या रँग्लर रुबिकॉनला हे काम बटणावर होतं आणि वेग वाढला की बार आपोआप जोडला जातो, यावरूनच समजा. आपल्याला पाना घेऊन खाली वाकावं लागतं.

एक बाजू सोडली तरी बारचं काम थांबतं, पण सुटं टोक टायरला किंवा ब्रेकच्या पाइपला लागू शकतं. दोन्ही लिंका सोडा आणि बार वर पट्ट्यानं घट्ट बांधा. गाडी सपाटीवर, चारही चाकं जमिनीवर असतानाच हे करा. बारवर पीळ असेल तर लिंक सुटताना उसळते, बोट सापडेल. पहिल्यांदा सोडल्यावर चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणत नाही ना, ते पाहा.

भावाचंही त्याच्या गाडीपुरतं बरोबर आहे. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं), तिथे बार सोडून फारसं हाती लागत नाही. जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच आसावर), म्हणून फरक जाणवतो.

प्रतिसाद २
आधी हवा कमी करून बघा. १८-२० पीएसआयवर टायर दगडावर बसतो आणि हिसका बराच मरतो. तेवढ्यानं भागलं तर बारला हातच लावू नका. मात्र हवा भरायचा पंप गाडीत हवा, कमी हवेवर डांबरीवर वेगानं जायचं नाही. आणि वाट एका अंगाला कलती असेल तर तिथे बार जोडलेलाच बरा, सुटा असला की गाडी उताराच्या बाजूला आणखी झुकते.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या वाटेवर ओढ्याच्या अलीकडे असा कलता टप्पा आहे, त्यामुळे आधी हवा कमी करून आईला घेऊन जातो. त्यानं नाही जमलं तर बार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पान्याशिवाय सुटतील अशा पिनांच्या लिंका कुणी नीट बनवून देतं का? कुणी बनवून घेतल्या असतील तर त्या किती टिकल्या, तेही सांगा.