मदत हवी: घरी बनवलेल्या स्पीड कंट्रोलरचा मॉस्फेट तापून राहिला

फोमबोर्ड: रविवारी विमान उडवायचं आहे, लवकर सांगा. रिमोटच्या छोट्या विमानासाठी मोटरचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर घरीच बनवला. रिसीव्हरचा १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स अर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) बरोबर वाचते, मोटर फिरते. पण मॉस्फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) इतका तापतो की १५ सेकंदांत बोट ठेववत नाही, वरची श्रिंक ट्यूब तपकिरी झाली. दोन जळले, हा तिसरा. वायरिंग तीनदा पाहिली. काय चुकतंय?

सोल्डरकाका: मोटर ब्रशवाली का? बॅटरी किती सेलची? मॉस्फेट कोणता? स्विच बंद होताना मोटरच्या करंटला वाट देणारा डायोड लावला का? एवढं तरी लिही बाळा.

पंखा११: ब्रशवाली असेल तर सोडून दे भाऊ. मी ब्रशलेस आणि तयार कंट्रोलरच वापरतो, कधी त्रास नाही.

फोमबोर्ड: पंखाभाऊ, मला विकत घ्यायचाच नाही, बनवायचा आहे. काका, ब्रशवाली, २ सेल लिपो बॅटरी. मॉस्फेट आयआरएफझेड४४एन, ४९ अ‍ॅम्पियरचा. मोटर ५ अ‍ॅम्पियरच्या वर जात नाही. मग काहून तापतो?

सोल्डरकाका: ४९ चा आकडा गेटला (मॉस्फेट उघडणाऱ्या पायाला) १० व्होल्ट मिळाले तर. नॅनो देते ५, तेवढ्यात तो पूर्ण उघडेल याची खात्री नाही. आयआरएलझेड४४एन घे, तो ५ वर चालायलाच बनवलेला आहे. गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा (१० के) रेझिस्टर टाक, नाहीतर नॅनो सुरू होईपर्यंत गेट अधांतरी राहतो आणि पंखा एकदम सुटतो. सिग्नल तपासताना पंखा काढूनच ठेव, बोटं जातात.

झीरोमाईल: काका, मला गेट वाटत नाही. आधी हे सांग, अर्ध्या थ्रॉटलला जास्त तापतो की पूर्ण?

वाडीकर: उडवणार कुठे ते पाहिलं का? नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटर रेड झोन आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्कायचा ड्रोन नकाशा बघ आधी.

फोमबोर्ड: अर्ध्याला जास्त. पूर्णला कमी. डायोड ४००७ आहे. आणि हो, मोटर कूं करत होती म्हणून पीडब्ल्यूएम (मॉस्फेट चालू-बंद करायचा वेग) ३१ किलोहर्ट्झ केलं.

झीरोमाईल: हेच आधी लिहायचं होतं! पूर्ण थ्रॉटलला स्विचिंगच नसतं, म्हणून तिथे कमी तापतो. ४००७ हा ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरचा डायोड, ३१ हजार वेळा बंद होताना तो मागे पडतो आणि तेवढा वेळ करंट सरळ मॉस्फेटमधून जातो. झटकन बंद होणारा शॉटकी डायोड लाव, एमबीआर१०४५. नॅनोच्या टायमरचा प्रिस्केलर (घड्याळाला भागणारा आकडा) ८ कर, ३.९ किलोहर्ट्झवर ये. आवाज राहील, राहू दे.

सोल्डरकाका: डायोड बदल, पण मॉस्फेटही बदल. माझं म्हणणं कायम.

फोमबोर्ड: बर्डीच्या बाजारात एलवाला मॉस्फेट (आयआरएलझेड४४एन) मिळाला, लावला, शॉटकी संपला होता. विमान टेबलाला बांधून, मागे उभं राहून चालवलं. ३१ वर अर्ध्या थ्रॉटलला अजून चटका बसतो, ३.९ वर नुसता कोमट. शॉटकी उद्या दुसऱ्या दुकानात बघतो. १० के टाकला काका, आता बॅटरी जोडताना मोटर हलतही नाही.