तालुक्याच्या गावाचं पाणी: 28 किमीवरून पाईपलाईन आणायची म्हणतात, सभेत काय विचारू?

प्रभाग_सात
नमस्कार मंडळी. मी पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा, आमची क वर्ग नगरपरिषद आहे, या वेळी पहिल्यांदाच निवडून आलो. धंदा कृषी केंद्राचा, पाणीपुरवठ्यातलं शिकलेलं काही नाही म्हणून इथं विचारतो. गावाची वस्ती आता 32 हजाराच्या आसपास आहे, हायवे झाल्यापासून चारही बाजूनं नवीन लेआऊट पडत आहेत, आजूबाजूच्या खेड्यातले लोक पोरांच्या शिक्षणासाठी इथंच घर बांधतात. पाणी येते 4 किमीवरच्या तलावातून अन् नाल्याकाठच्या 3 जुन्या विहिरींतून. नळ 8 दिवसाआड, मे महिन्यात 15 दिवसाआड. बाया गुंड, ड्रम, कोपर, जे सापडन ते भरून ठेवतात अन् आठव्या दिवशी नळ आला की उरलेलं शिळं म्हणून फेकून देतात, हे मी माझ्या घरी पाहिलं.

आता 28 किमीवरच्या मध्यम प्रकल्पातून पाईपलाईनचा डीपीआर, म्हणजे योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल आला. 30 वर्षांनंतरची वस्ती 55 हजार धरली, माणशी 135 लिटर. नवीन जलशुद्धीकरण केंद्र, 2 नवीन टाक्या, सगळं आहे. तलाव अन् विहिरी मात्र बंद करायच्या असं एका ओळीत लिहिलं आहे. सगळे खुश आहेत, मलाही पाणी पायजेच, पण मंजुरीच्या सभेत नुसता हात वर करून यायचं नाही. काय काय विचारू?

निवृत्त_शाखा_अभियंता
भाऊ, हात वर करण्याआधी विचारता आहात हेच मोठं. माझी 31 वर्षं याच कामात गेली, त्यातल्या ज्या योजना बंद पडलेल्या पाहिल्या त्या पाईप कमी पडला म्हणून क्वचितच, बहुतेक लाईट बिलापायी अन् गळतीपायी.

आधी हिशेब समजून घ्या, अवघड नाही. 55 हजार माणसं गुणिले 135 म्हणजे रोजचे सव्वाचौऱ्याहत्तर लाख लिटर. त्यात 15 टक्के गळती धरायची असा नियम आहे, म्हणजे उचलायचं 87 लाख. वर्षाचे झाले जवळपास 319 कोटी लिटर, म्हणजे 3.19 दलघमी (दशलक्ष घनमीटर). हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण धरणातलं आरक्षण एवढं मंजूर आहे का, की नुसता अर्ज केला आहे, हा तुमचा पहिला प्रश्न. आरक्षणाचं पत्र हातात नसताना पाईपाचं टेंडर निघू देऊ नका.

दुसरं म्हणजे 135 लिटरचा निकष भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहराचा आहे, गटार नसलेल्या गावाले जुना निकष 70 लिटर होता. गटार करणार असाल तर 135 धरा, पण मग गटाराचं काम कधी ते पण विचारा, नाहीतर एवढं पाणी नालीतून वाहून जाईल अन् डास होतील.

तिसरं, धरण कशावर आखलं. सिंचनाचे प्रकल्प 75 टक्के विश्वासार्हतेवर आखतात, म्हणजे 4 वर्षांतलं 1 वर्ष कमी भरेल हे गृहीतच असते. शेतीले ते कसंबसं चालते, गावाले नाही चालत. आपल्याकडे पाऊस सरासरी 750-800 मिमी अन् तोही साडेतीन महिन्यांत, मे महिन्यात धरणाच्या पृष्ठभागावरून रोज सेंटीमीटरभर पाणी उडून जाते, त्यात तळाशी गाळ. म्हणून विचारा की सगळ्यात वाईट वर्षी 31 मेले पातळी कुठं होती अन् तुमच्या जॅकवेलचं, म्हणजे धरणातून पाणी उचलायच्या विहिरीचं तोंड त्याच्या खाली आहे का वर. वर असेल तर ऐन मे महिन्यात धरणात पाणी दिसत असूनही पंप हवा ओढेल.

आता लाईट बिल. चढ अन् 28 किमी पाईपातलं घर्षण मिळून समजा 120 मीटर झाले, नेमका आकडा डीपीआरमध्ये पाहा. तर आजच्या 32 हजार वस्तीसाठीसुद्धा महिन्याला 75 हजार युनिटच्या वर जातात, 8 रुपये युनिट धरलं तर 6 लाखांवर बिल. तुमच्याकडे अधिकृत नळ जोडण्या किती अन् पाणीपट्टी किती? ती वसूल किती होते? अनुदान पाईप अन् टाक्या बांधून देते, बिल दर महिन्याले तुमच्या नगरपरिषदेच्या नावानं येते. 2 महिने थकलं की कनेक्शन कापलं अन् कोट्यवधीची योजना पडून. पाणीपट्टी कशी लावायची ते पाहाचं असेल तर कराडजवळचं मलकापूर पाहून या, लहान गाव असून मीटर लावून 24 तास पाणी दिलं, जास्त वापरणाऱ्याले जास्त दर. मीटर लागल्यावर माणूस पाणी जपते हे मी दुसरीकडेही पाहिलं.

अन् शेवटचं पण माझ्या मते सगळ्यात मोठं, आत्ता तुम्ही किती पाणी उचलता अन् नळापर्यंत किती पोचते हे मोजलं आहे का? मोजलं नसेल तर 28 किमीवरून आणलेलं पाणी तुम्ही त्याच फुटक्या पाईपात ओतणार.

लाभक्षेत्रातला
मी अशाच एका मध्यम प्रकल्पाच्या कालव्यावरचा शेतकरी, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पिण्याले पाणी पहिले, याबद्दल आमचं दुमत नाही, कोणी तहानलेल्याचं पाणी अडवत नाही. पण दर ऑक्टोबरात कालवा सल्लागार समिती बसते, पिण्याचं आरक्षण बाजूला काढते अन् उरलं त्याच्यावर रब्बीच्या पाळ्या ठरतात. कालव्यातली गळती धरून गव्हाच्या हेक्टराले 7 हजार घनमीटर पाणी धरलं तर वरच्या साहेबांचे 3.19 दलघमी म्हणजे साडेचारशे हेक्टर गहू. एवढ्या शेतकऱ्यांची पाळी जाणार हे त्यांना कोणी सांगितलं का? आमच्याकडे नाही सांगितलं, पाईप पुरायला मशीन आली तवा समजलं अन् मग भांडणं झाली ती आजपावेतो मिटली नाहीत. पहिलेच बसून बोला, खरंच बोला.

आणखी एक, गावात येणाऱ्या पाण्याचं 80 टक्के सांडपाणी होते असं धरतात. ते शुद्ध करून गावाखालच्या शेतकऱ्याले द्या. आमच्यापर्यंत नाही येणार ते, पण त्याचा बोअर तरी कमी उपसेल. नागपूरचं भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राले जातेच ना, मग लहान गावानं शेतीले द्यायला काय हरकत आहे.

यवतमाळची_सून
मी फक्त 2018 चा उन्हाळा सांगते. आमचं शहर निळोणा अन् चापडोह या 2 धरणांवर, आदल्या वर्षी पाऊस झाला नाही अन् दोन्ही आटली. नळाची वाट पाहणं सोडूनच दिलं होतं आम्ही. मी पहाटे 4 ला उठून टँकरच्या लाईनीत उभी राहायची, मुलगा तेव्हा 7 महिन्यांचा, सासूबाई त्याला धरून ओट्यावर बसायच्या. त्या वेळी आम्हाला तारलं ते वाड्यातल्या जुन्या विहिरीनं, जिच्यात आम्ही कित्येक वर्षं निर्माल्य टाकत होतो. अख्ख्या गल्लीनं ती उपसली, गाळ काढला, पाणी लागलं. आता बेंबळा धरणाचं पाणी आलं तरी ती विहीर आम्ही झाकून, जाळी लावून ठेवली आहे. दादा, ती एक ओळ खोडून टाका हो. विहिरी बंद करू देऊ नका.

खारपाण_पट्टा
ताईंचं बरोबर. मी पूर्णेच्या खोऱ्यातला, आमच्याइकडे विहीर खांदली तर पाणी लागते पण खारं, जनावरंही तोंड फिरवते. अकोला, अमरावती, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे, आमची गावं दुरून आणलेल्या धरणाच्या पाण्यावरच जगतात. पाईप फुटला की आम्हाले दुसरा आधारच नाही. तुमच्याकडे 3 गोड्या विहिरी आहेत अन् तुम्ही त्या सोडून देता? सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत दुसऱ्यानं विहीर-बोअर घेऊ नये असा भूजल कायद्यात नियम आहे, तो लावा. योजनेत बंद लिहिलं की ते संरक्षणही गेलं समजा, अन् वर्षभरात बाजूच्या लेआऊटमध्ये दहा बोअर होतील. काळ्या पाषाणात पाणी फटीतच राहते, एकानं ओढलं की दुसऱ्याची आटलीच.

तलावातला गाळ काढा. बुलढाणा जिल्ह्यात तलाव, नाले खोल करून ती माती हायवेच्या भरावाले वापरली, रस्ता झाला अन् पाणीही साठलं.

व्हॉल्व्हवाला
मी 19 वर्षांपासून नगरपरिषदेत व्हॉल्व्ह फिरवून राह्यलो, गाव कोणतं ते नाई सांगत. साहेबांनी मोजा म्हटलं पण कसं मोजाचं ते सांगतो, खर्च शून्य. रात्री 12 ले टाकी फुल भरा. भरायचा व्हॉल्व्ह बंद. टाकीतून जे मोठी लाईन निघते ते चालू ठेवा अन् सगळ्या प्रभागांचे व्हॉल्व्ह बंद करा. आता कोणाच्याच घरी पाणी जात नाई. टाकीत बांबू टाकून खूण करा, पहाटे 4 ले पुन्हा पाहा. पाणी जेवढं उतरलं तेवढं जमिनीत गेलं. दुसऱ्या रात्री मोठी लाईनही बंद करून पाहा, तरी उतरलं तर टाकीच गळते.

अन् 8 दिवसाआड पाणी सोडल्यानं लाईन खराब होते हे कोणी मानत नाई. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होते, मंग नालीतलं घाण पाणी जोडातून आत वढते, त्यात लोकांनी नळाले टिल्लू पंप (पाणी ओढायच्या लहान मोटरी) लावले की आणखीनच. नळाचं पहिलं पाणी वास काऊन मारते, याच्यामुळं. पाणी सुटलं की हवेचा दणका बसून जुना पाईप फुटते. माह्या हातून दरवर्षी त्याच त्याच जागी जोड मारले जाते.

प्रभाग_सात
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उशिरा लिहितो कारण मोजून आलो. आमच्या टाकीचा व्यास 12 मीटर. व्हॉल्व्हवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच केलं, आमचे दोन्ही व्हॉल्व्हमन अन् मी रात्रभर टाकीवर होतो. 4 तासांत 62 सेंटीमीटर उतरलं, म्हणजे 70 हजार लिटर! 14 टँकर. एकाही घरी नळ चालू नसताना. दुसऱ्या रात्री मोठी लाईन बंद केली तर बांबूवरची खूण हललीच नाही, म्हणजे टाकी चांगली आहे. मी पहाटे तिथंच खाली बसून राहिलो, याच उन्हाळ्यात माझ्या प्रभागातली एक म्हातारी 700 रुपये टँकरले नाहीत म्हणून शेजारी पाणी मागत फिरत होती.

जोडण्याही काढल्या, अधिकृत 4200, पाणीपट्टी वर्षाची 1200, ती पूर्ण वसूल होत नाही. साहेबांच्या हिशेबानं नुसतं लाईट बिल घरामागं महिन्याले 145 च्या वर जाते अन् आमची पट्टीच 100 पडते. हे सगळं एका पानावर लिहून मुख्याधिकाऱ्यांना दिलं. विहिरी अन् तलाव चालू ठेवायची उपसूचना मी मांडणार, 2 जण सही करतो म्हणाले. आरक्षणाचं पत्र मागितलं आहे, अजून दाखवलं नाही. कालव्यावरच्या गावांत रविवारी जातो.

आता प्रश्न असा की 70 हजार लिटर जाते कुठं? वरून कुठंच ओल दिसत नाही.

व्हॉल्व्हवाला
ओल नाई दिसणार, नालीत जात असन. पहिले जुनी लाईन शोधा, जे नकाशात नसते. आठवडी बाजारात किंवा जुन्या बस स्टँडवर पहिले सार्वजनिक नळ होता का? तो बंद करताना वरचा नळ काढते अन् खाली लाईन तशीच सोडते. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या प्लंबरले सोबत घ्या. रात्री 2 च्या पुढं, गाड्या बंद झाल्या की लोखंडी सळई व्हॉल्व्हच्या दांड्याले टेकवून दुसरं टोक कानाले लावा. पाणी चालू असन तर सुई सुई आवाज येते. जिथं आवाज मोठा तिथं खांदा.